स्लॅबचा दिवस

पेणहून रोह्याकडे निघाले की वडखळ, नागोठणे मागे पडत जातात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना अर्धवट घरे दिसत राहतात. कॉलम उभे असतात. वर मोकळ्या सोडलेल्या सळया पावसाने तांबूस झालेल्या असतात. जोत्यावर सेंट्रिंगच्या फळ्या रचून ठेवलेल्या असतात. पाहणाऱ्याला वाटते, पैसे संपले असतील. कधी खरेच संपलेले असतात. पण पुष्कळदा पैसे असतात आणि घरमालक कशाची तरी वाट पाहत असतो.

समजा, अशाच एका गावात एक हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब टाकायचा आहे. तुळया बाजूला ठेवून नेहमीच्या प्रमाणाने हिशोब मांडला, तर सिमेंटच्या साधारण ९५ गोण्या लागतात. वाळू पावणेदोन ब्रास, खडी साडेतीन ब्रास. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. कालवायला पाणी अडीच-तीन हजार लिटर आणि पुढे दिवसेंदिवस मारायचे ते वेगळे. बांधून तयार असलेले लोखंड. मिक्सर आणि लिफ्ट. सकाळी सातला हजर असणारे वीस-पंचवीस बिगारी आणि गवंडी. आणि कोरडे आभाळ.

या आठ गोष्टी झाल्या: सिमेंट, वाळू, खडी, पाणी, लोखंड, मिक्सर, माणसे, हवामान. ठेकेदार अनुभवी आहे, प्रत्येक गोष्ट दहापैकी नऊ वेळा तो वेळेवर आणतो. नव्वद टक्के म्हणजे चांगलेच काम. आता आठही गोष्टी एकाच सकाळी हजर असण्याची शक्यता काढू. ०.९ आठदा मांडून त्यांचा गुणाकार करायचा. उत्तर येते ०.४३. म्हणजे दहापैकी सहा वेळा ठरल्या दिवशी स्लॅब पडणार नाही, आणि यात कोणाचाही मोठा दोष नसेल. प्रत्येक दुव्याचा भरवसा ९९ टक्क्यांवर नेला, तरी शंभरात सात-आठ वेळा बेत फसतोच. प्रत्यक्षात या गोष्टी एकमेकींपासून इतक्या सुट्या नसतात. एकाच पावसाने वाळूचा ट्रकही अडतो, माणसेही येत नाहीत आणि वीजही जाते. तरी बांधकामातला बराचसा उशीर कोठून येतो, हे या एका गुणाकारातून कळते. कापडाच्या दुकानात एक रंग नसला तर दुसरा विकता येतो. स्लॅबला मात्र सातच गोष्टी हजर असल्या, तर त्या सातही आठवीची वाट पाहत बसतात आणि मजुरीचे मीटर चालू राहते.

पुरवठ्याची साखळी म्हटली की लोक अंतराचा विचार करतात. माल जवळ मिळाला की निश्चिंती, अशी आपली समजूत असते. तिची परीक्षा घ्यायला पेण तालुक्याइतकी चांगली जागा नाही.

वडखळपासून जवळच डोलवीला पोलादाचा प्रचंड कारखाना आहे. तो पूर्वी इस्पातचा होता; २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यूने तो ताब्यात घेतला आणि पुढे विस्तार होऊन त्याची वार्षिक क्षमता १ कोटी टनांपर्यंत गेली. शेजारी स्लॅग सिमेंटही तयार होते, कारण झोतभट्टीतून निघणारी मळी दळून सिमेंटमध्ये मिसळता येते. रात्री महामार्गावरून जाताना त्या दिव्यांकडे पाहिले की वाटते, या तालुक्यात सळईची आणि सिमेंटची चणचण कशी भासेल?

पण डोलवीच्या पायाखाली लोहखनिज नाही, कोळसा नाही, चुनखडीही नाही. सगळा काळा कातळ. खनिज आणि कोळसा समुद्रमार्गे येतो. धरमतरची खाडी उथळ, तिथे महाकाय जहाजे शिरत नाहीत. ती जयगडसारख्या खोल बंदरात किंवा मुंबईच्या समुद्रात थांबतात आणि माल बार्जमध्ये किंवा लहान जहाजांत उतरवून, भरती पाहून अंबा नदीच्या मुखातून आत आणला जातो. जुलै २०२४ मध्ये अशाच मालवाहतुकीतले एक जहाज वादळी हवेत अलिबागच्या किनाऱ्याजवळ अडकले आणि त्यावरच्या १४ जणांना तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरने उचलून आणले. म्हणजे शेजारचा कारखाना हाही एका लांब साखळीचा मधला दुवा आहे. त्यातून निघणाऱ्या मालाचा मोठा भाग पत्र्याची गुंडाळी असतो. सळई निघते, पण तीही शेजारच्या गावात हातगाडीवरून जात नाही. वितरक, घाऊक व्यापारी, तालुक्याचा दुकानदार अशा वाटेने जाते. पेणच्या दुकानात जालन्याच्या मिलची सळई शेजारच्या सळईशी भावात टक्कर देते, ती त्यामुळेच.

आणि भाव तर आणखी दूरच ठरतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, कोकिंग कोळसा भडकला. हा कोळसा भारत मुख्यतः ऑस्ट्रेलियातून आणतो. एप्रिलपर्यंत सळईचा भाव टनाला ७० हजारांच्या पुढे गेला. केंद्र सरकारने मे महिन्यात पोलादावर १५ टक्के निर्यातशुल्क लावले आणि नोव्हेंबरमध्ये काढून घेतले. त्या उन्हाळ्यात कोकणातल्या कित्येक घरांचे कॉलम उभे राहून थांबले. सळई दुकानात होती. घरमालकाने ठेकेदाराशी ठरवलेल्या जुन्या दरात ती बसत नव्हती. ठेकेदार म्हणतो दर वाढवा, मालक म्हणतो लिहून दिलेय. माल हजर असूनही साखळी तुटते, ती अशी. या प्रकारच्या तुटीकडे फार कमी लक्ष जाते, म्हणून ती मुद्दाम नोंदवली.

वाळूची गोष्ट याहून अवघड आहे. रोह्याखालून कुंडलिका वाहते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. रायगडच्या खाड्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या रेती निघत आली. महसूल खात्याच्या कागदांत तिच्यासाठी ‘हातपाटी-डुबी’ असा शब्द आहे. माणूस होडीतून उतरतो, बुडी मारतो, तळाची रेती भरून वर आणतो. अशा पद्धतीत किती उपसायचे याला माणसाच्या दमाचीच मर्यादा असते. सक्शन पंप आले आणि ती मर्यादा गेली. तळ खचले, किनारे कापले गेले. २००४ साली किहीमच्या किनाऱ्यावर बेकायदा उपसा अडवायला गेलेल्या सुमैरा अब्दुलअली यांच्यावर हल्ला झाला. पुढे त्यांच्या आवाज फाउंडेशनने हा प्रश्न न्यायालयात नेला आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाळूउपशाला आवर घातला. फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रालाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली.

मला हे निर्णय योग्य वाटतात. खाडीचा तळ हा कोणाच्या घराचा कच्चा माल म्हणून संपवण्याची वस्तू नाही. पण त्यानंतरच्या काळात वाळूचे सरकारी धोरण ज्या वेगाने बदलत गेले, त्याचा भार छोट्या घरमालकावर पडला हेही खरे. २०२३ मध्ये सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याची योजना आली. २०२५ मध्ये ती बदलून पुन्हा लिलावाची वाट धरली आणि त्याच वर्षी दगडापासून केलेल्या कृत्रिम वाळूचे वेगळे धोरण मंजूर झाले. प्रत्येक बदलाच्या सांध्यावर काही महिने कोणालाच नीट माहीत नसते, की पास कोण देणार, रॉयल्टी किती आणि डंपर रस्त्यात अडला तर कागद कोणता दाखवायचा. हे सांधेच कामे थांबवतात. मोठा बिल्डर ते सोसतो, कारण त्याची कामे चार ठिकाणी चालू असतात. एकच घर बांधणाऱ्याला ती सोय नसते.

क्रशरवर तयार होणाऱ्या वाळूला बाजारात ‘क्रश सँड’ म्हणतात. रायगडच्या कातळाला ती मानवते, आणि तिची बाजू भक्कम करणारे एक कारण लोकांना फारसे माहीत नसते. खाडीच्या रेतीत मीठ असते. लोखंड घातलेल्या काँक्रीटमध्ये क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. न धुतलेल्या खाररेतीने ही मर्यादा ओलांडली की सळई आतून गंजते, फुगते आणि दहा-पंधरा वर्षांनी स्लॅबच्या खालचे पापुद्रे पडू लागतात. तुटवड्याच्या काळात ‘मिळेल ती रेती’ घेतली की साखळीतला आजचा खंड अशा रीतीने घराच्या छतात शिरतो आणि पुढच्या पिढीच्या वाट्याला येतो.

वीट मात्र इथलीच. भातकापणी झाली की पेण-रोह्याच्या परिसरात शेतांत भट्ट्या लागतात आणि कातकरी कुटुंबे विटा थापायला भट्टीवर राहायला जातात. पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेली उचल हंगामभर फेडायची, असा हा व्यवहार आहे. पुरवठासाखळीच्या पुस्तकांत याला ‘मजुरांची उपलब्धता’ म्हणतात. तो शब्द फार गुळगुळीत आहे. ज्या दुव्याचा भरवसा माणसाच्या कर्जावर उभा आहे, तो दुवा मजबूत म्हणता येणार नाही, आणि म्हणूही नये. अवकाळी पाऊस आला की थापलेल्या कच्च्या विटांचा चिखल होतो. नुकसान मालकाचे दिसते, पण थापणाऱ्याचे कष्टही त्याच चिखलात जातात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा ऐन हंगामात भट्ट्यांवरची माणसे जिथल्या तिथे अडकली.

आता वाहतूक. तयार काँक्रीटचे ट्रक आता पेणमध्येही दिसतात. प्लँटमध्ये माल भरल्यापासून दोन तासांच्या आत तो ओतावा, असे मानक आहे. सिमेंट आणि पाण्याची गाठ पडली की घड्याळ सुरू होते, ते कोणासाठी थांबत नाही. वडखळ नाक्यावर, जिथे गोव्याचा आणि अलिबागचा रस्ता फुटतो, तिथे शनिवारी वाहनांची रांग लागली तर गरगर फिरणाऱ्या त्या टाकीतला माल दर मिनिटाला म्हातारा होत जातो. मग चालक पाणी वाढवतो. काँक्रीट पातळ होते, ओतायला सोपे जाते आणि कायमचे कमकुवत होते. गणेशोत्सवात तर चाकरमान्यांसाठी वाळू-रेतीच्या ट्रकांना आणि एकूणच अवजड वाहनांना महामार्गावर काही दिवस बंदी असते. ती असावीच. पण ती दरवर्षी ठरलेली असते, पंचांगात छापलेली असते, आणि तरीही त्या आठवड्यात स्लॅब धरणारे ठेकेदार भेटतात.

त्या महामार्गाचेच काम हे रखडण्याचे मोठे उदाहरण झाले आहे. पनवेलजवळच्या पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतचे ८४ किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. हा टप्पा पेण, नागोठणे, कोलाड यांच्यामधून जातो. भूसंपादन, कर्नाळा अभयारण्यातली परवानगी, ठेकेदाराची आर्थिक ओढाताण, दर वर्षी चार महिने कामाला बसणारी पावसाची खीळ: एक सुटले की दुसरे उभे. एक दशक उलटले तरी ते पुरे झाले नाही. या विलंबाची किंमत अपघातांत आणि माणसांच्या जिवांत मोजली गेली, हे इथे राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

असे का होते, यावर बर्कलेच्या प्राध्यापिका आयरिस टॉमेलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक सोपा खेळ मांडला. सात कारागीर रांगेत बसतात, पहिल्याचे काम झाले की दुसऱ्याला मिळते. शंभर नग पुरे करायचे. प्रत्येकाने आठवड्याला नेमके पाच नग केले, तर सगळे काम २६ आठवड्यांत संपते. आता प्रत्येकाच्या हाती फासा द्यायचा: सरासरी पाचच, पण कधी एक पडेल, कधी नऊ. सरासरी बदललेली नाही, तरी काम लांबते. कारण नऊचे दान पडले तेव्हा मागून आलेले नग तीनच असतात, आणि एकच पडला की पुढचे सगळे रिकामे बसतात. वाईट आठवड्याचे नुकसान पुढे सरकते, चांगल्या आठवड्याचा फायदा वाटेतच जिरतो. घरी पोरांना घेऊन साध्या फाशांनी हा खेळ खेळून पाहावा. आपल्या गल्लीतला रस्ता का रखडला, ते अर्ध्या तासात समजते.

मग माल साठवून का ठेवू नये? कोकणात तेच कठीण. सिमेंटची गोण हवेतला ओलावा ओढते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये, असा नियम आहे, आणि जून-जुलैच्या कोंदट हवेत तर त्याआधीच गोणीत खडे होतात. उघड्यावरची वाळू पावसाने वाहते. खाऱ्या वाऱ्याने सळई गंजते. आणि साठ्यात अडकलेला पैसा बँकेचे व्याज खातो. म्हणून इथला छोटा ठेकेदार लागेल तसा माल आणतो, आणि दुवा तुटला की त्याच्या हाती काहीच नसते.

तसा दिवस ३ जून २०२० ला उजाडला. निसर्ग चक्रीवादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागबरोबर रोहा, माणगाव, पेणपर्यंत छपरे उडाली. टाळेबंदी पुरती उठलेली नव्हती, परप्रांतीय कारागीर आपापल्या गावी निघून गेले होते आणि पाऊस दारात उभा होता. एकाच दिवशी एका जिल्ह्यातल्या हजारो घरांना पत्रे हवे होते. कौलांची गोष्ट तर त्याहून बिकट. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात पहिला कारखाना काढला आणि पुढे शंभर वर्षे मंगलोरी कौलाने कोकणची घरे शाकारली. अलीकडे ते कारखाने एकेक करत बंद पडत आले आहेत. जुन्या मापाचे कौल मिळेना, पत्र्याचे भाव चढले, ताडपत्रीसुद्धा जपून वापरावी लागली. राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० वरून दीड लाख रुपये केली. पण त्या जूनमध्ये रुपयाने पत्रा मिळण्याची खात्री नव्हती.

अशा वेळी माणूस काय करतो? वीस पत्रे लागत असतील तर तीस मागतो, तेही तीन दुकानांत. दुकानदाराला तिप्पट मागणी दिसते, तो वितरकाकडे चौपट नोंदवतो. कारखान्यापर्यंत पोचेतो खऱ्या गरजेचा पत्ताच राहत नाही. चाबकाची मूठ बोटभर हलली तरी टोक हातभर झेपावते. या परिणामाला चाबकाचेच नाव आहे आणि अमेरिकेतल्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच त्याचे गणित मांडले होते. यावर उपाय ताकदीचा नसून माहितीचा असतो. कोणत्या गावात किती घरांचे किती छप्पर गेले, हा आकडा पंचनाम्यातून तलाठ्याकडे जमतच होता. तोच आकडा त्याच आठवड्यात पत्र्याच्या कारखान्यापर्यंत गेला असता, तर माल योग्य गावी आधी पोचला असता. अजूनही पंचनामा हा मदतवाटपाचा कागद मानला जातो. तो मागणीचा कागदही आहे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

आणि गंमत म्हणजे, तारीख कधीही न चुकवणारा एक मोठा उद्योग याच पेणमध्ये आहे. गणेशमूर्तींचा. पेण शहर, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून लाखो मूर्ती जातात. त्यांचाही माल दूरचाच: शाडू गुजरातेतून, प्लास्टर राजस्थानातून. त्यांनाही पाऊस आडवा येतो, रंग वाळत नाही, वीज जाते. तरी चतुर्थीला मूर्ती पोचली नाही असे होत नाही.

हे जमते कसे? वॉलेस हॉप आणि मार्क स्पिअरमन यांनी कारखान्यांच्या अभ्यासातून दाखवले आहे, की अनिश्चिततेला तोंड द्यायला तीनच उशा असतात: साठा, वेळ आणि जादा क्षमता. एक काढली तर दुसरी मोठी करावी लागते. पेणचा कारखानदार तिन्ही वापरतो. विसर्जनानंतर थोड्याच काळात तो पुढच्या वर्षाच्या साच्यांना हात घालतो. ही वेळेची उशी. कच्च्या पांढऱ्या मूर्ती माळ्यांवर रांगेने साठत जातात; हा साठा, आणि मूर्ती सिमेंटसारखी शिळी होत नाही. शेवटच्या महिन्यांत घरातल्या बायका, कॉलेजची पोरे, पाहुणे सगळे रंगाला बसतात. ही जादा क्षमता. सर्वांत हुशारीची गोष्ट म्हणजे रंग आणि आखणी शेवटी. पितांबर कोणत्या रंगाचा, डोळे कसे, हे गिऱ्हाईक आल्यावर ठरते. इटलीच्या बेनेटन कंपनीने पांढरे स्वेटर आधी विणून मागणी पाहून रंगवायला सुरुवात केली, त्याचे कौतुक व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवतात. पेणला ते कोणी शिकवले नाही.

स्लॅब माळ्यावर साठवता येत नाही, पण या पद्धतीतले काही घेता येते. सळईच्या रिंगा पावसाळ्यात छपराखाली वाकवून ठेवता येतात. खिडक्यांच्या चौकटी, जिन्याच्या फरश्या, कठड्याचे तुकडे आधी ओतून ठेवता येतात. पाण्याची टाकी पहिल्या दिवशीच बांधता येते. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल पुरात वाहून गेला, प्रवाशांसह दोन एसटी गाड्या गेल्या. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये, पुढचा पाऊस लागण्याआधी, वाहतुकीला खुला झाला. जिल्हा तोच, महामार्ग तोच. जागेचा वाद नव्हता, पैसा थांबला नाही, आणि पावसाची तारीख सगळ्यांनी मानली.

वाहतुकीची वेगळी वाटही इथेच आहे. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते, आणि पुढच्याच कोलाड स्थानकावरून २६ जानेवारी १९९९ पासून भरलेले ट्रक जसेच्या तसे वाघिणीवर चढवून गोव्यातल्या वेर्ण्याला नेतात. चालक ट्रकच्या केबिनमध्येच झोपून जातो. घाटवळणे नाहीत, नाक्यावरची रांग नाही, आणि ट्रक कधी पोचेल ते बऱ्यापैकी सांगता येते. मला या सेवेत वेगापेक्षा हे सांगता येणेच मोलाचे वाटते.

लहान ठेकेदारासाठी अमेरिकेतले अभियंते ग्लेन बॅलर्ड यांची एक सवय सांगण्यासारखी आहे. दर आठवड्याला त्यांनी ठेकेदारांना दोनच गोष्टी लिहायला लावल्या: या आठवड्यात काय करू म्हणालो, आणि त्यातले काय झाले. चांगल्या चालणाऱ्या कामांवरही जेमतेम निम्म्याच्या आसपास ठरलेली कामे वेळेवर होत होती. मग त्यांनी नियम केला, की ज्याचा माल, माणसे आणि जागा तयार आहे तेवढेच काम आठवड्याच्या यादीत घ्यायचे. बाकी कामांसाठी यादी वेगळी, आणि त्या यादीपुढे अडलेल्या गोष्टीचे नाव.

रोह्याच्या एखाद्या गावात हे करायला वही आणि पेन्सिल पुरते. स्लॅबच्या आधीच्या संध्याकाळी गोण्या मोजायच्या. वाळूचा ढीग फुटपट्टीने मापून ब्रास काढायचे. टाकीत काठी घालून पाणी पाहायचे. मिक्सर एकदा चालवून बघायचा. मुकादमाला फोन करून किती माणसे येणार ते विचारायचे, आणि त्यातली दोन कमीच धरायची. आठांतली एक जरी नसेल, तर त्याच रात्री सगळ्यांना कळवायचे की उद्या नको, परवा. बिगाऱ्याचा रोज बुडत नाही, तो दुसरीकडे जाऊ शकतो; आणि सकाळी सातला सेंट्रिंगवर उभे राहून वाळूच्या डंपरकडे डोळे लावून बसायची वेळ कोणावर येत नाही.